तर्री, डाळकांदा आणि गच्च झालेलं पोट : पोटफुगी ओळखायची कशी, आटोक्यात ठेवायची कशी

नागपुरात शिकायला किंवा नोकरीला नव्यानं आलेल्या माणसाच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात, ऊन आणि पोट. उन्हाची तक्रार पावसाळ्यात थांबते, पोटाची बारमाही चालते. सकाळी चौकातल्या ठेल्यावर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा), दुपारी मेसमध्ये डाळभाजी-पोळी, रविवारी मित्रांसोबत सावजीचं तिखट, तेलकट जेवण, आणि संध्याकाळी पँटचं बटण सैल करत "पोट गच्च होऊन राहिलं बे". त्यावरचे सल्लेही ठरलेले. कोणी इनो आणून देतो, कोणी ओवा चावायला लावतो, कोणी बेंबीवर हिंग चोळायला सांगतो. त्या दिवसापुरतं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा त्रास ज्यांना नव्यानं सुरू झालाय त्यांच्यासाठी हा लेख आहे. जुन्या नागपूरकरांनी वाचायला हरकत नाही. पोट त्यांचंही फुगतं, फक्त ते कबूल करत नाहीत. खाली जे सांगितलंय त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : उपाय शोधायच्या आधी कारण शोधा, आणि शोधताना एका वेळी एकच बदल करा. सगळं एकदम बंद केलं तर बरं वाटेलही, पण कशानं बरं वाटलं ते कळणार नाही.

सगळ्यात आधी : हे पोटाचंच आहे ना?

आपल्याकडे छातीपासून बेंबीपर्यंत काहीही दुखलं की त्याचं नाव गॅस. इथंच घात होतो. हृदयविकाराचा झटका कधीकधी पोटाच्या वरच्या भागातल्या दडपणानं आणि मळमळीनं सुरू होतो. मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बायकांमध्ये छातीत ठसठशीत कळ न येताही तो येऊ शकतो. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, दम लागणं, यातलं काहीही असेल तर इनो बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ढेकर येऊन बरं वाटलं म्हणजे हृदयाचं काही नाही, असा हिशेब लावू नका. शंका खोटी ठरली तर एका ईसीजीचे पैसे जातील, एवढंच.

दुसरी तातडी पोटाचीच. पोट अचानक फुगलंय, मुरडून कळा येताहेत, उलट्या होताहेत, शौच होत नाही आणि वाराही सरत नाही, अशा वेळी आतडं कुठंतरी अडलेलं असू शकतं. एरंडेल देऊन बघू, सकाळपर्यंत वाट पाहू, हे इथं चालत नाही. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

याशिवाय काही खुणा अशा आहेत की त्या असतील तर घरचे प्रयोग करत बसू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. प्रयत्न न करता वजन उतरणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप (आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे, हे विसरू नये), रक्त कमी असणं, डोळे पिवळे दिसणं, पायावर सूज. दारू घेणाऱ्याचं पोट हळूहळू वाढत असेल आणि हातपाय बारीक होत असतील तर ते पाणी असू शकतं, वायू नव्हे. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांसाठी खास : पोटफुगी नव्यानं सुरू झाली, महिन्यातून दहा-बारा दिवस राहते, दोन घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं, तर सोनोग्राफी करून घ्या. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच गुपचूप होते, आणि घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवणारी बाई आपल्या पोटाकडे सगळ्यात शेवटी बघते.

यातलं काही नाही? मग पुढे वाचा. बहुतेकांचं पोट पुढच्या चार-पाच पायऱ्यांत ताळ्यावर येतं.

आत होतं काय

पोटात वायू दोन वाटांनी येतो. एक, आपण गिळलेली हवा. दोन, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी केलेला वायू. जे अन्न लहान आतड्यात पचत नाही ते पुढं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. निरोगी माणूस दिवसातून साधारण १० ते २० वेळा वारा सोडतो. तेव्हा वायू होणं हा आजार नाहीच. तो अडकणं किंवा नको इतका जाणवणं, हा त्रास.

आता एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खोटी वाटते. पोट फुगल्यासारखं वाटणाऱ्या कित्येकांच्या आत वायूचं प्रमाण इतरांपेक्षा फारसं जास्त नसतं. काहींचं आतडं हळवं असतं, थोड्याशा ताणानंही दुखतं. काहींचा श्वासपटल जेवल्यावर खाली दबतो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे पोट खरोखर पुढे येतं, पट्ट्याचं भोक बदलावं लागतं, तरी आत वायूचा साठा झालेला नसतो. अशा माणसानं कितीही हिंग खाल्लं तरी काय होणार? त्याला श्वासाचा व्यायाम लागतो, तो पुढे येईलच.

पायरी पहिली : दोन आठवड्यांची वही

मोबाइलमध्ये लिहा किंवा दहा रुपयांच्या वहीत, पण लिहा. काय खाल्लं, किती वाजता, पोट किती वाजता फुगलं, १० पैकी किती, शौच कशी झाली, झोप किती. बायकांनी पाळीची तारीखही टाकावी, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोट जड होणं अगदी नेहमीचं असतं आणि त्यासाठी ताटातलं काही बदलायची गरज नसते.

एक नमुना दाखवतो :

मंगळवार. ८.३० तर्री पोहे एक प्लेट, वरून कांदा आणि शेव, चहा. ११.०० ठीक. १.१५ मेस, तीन पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, थोडा भात. २.०० पोट गच्च, ६. ४.३० वारा सरला, ३. शौच सकाळी, अर्धवट. झोप पाच तास.

हा माणूस दोन वाजता कोणाला शिव्या देईल? मेसवाल्याला, आलू-वांग्याला. पण घड्याळ बघा. खाल्लेलं अन्न मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचायला काही तास जातात. सकाळी साडेआठला खाल्लेले हरभरे दुपारी एक-दोनच्या सुमारास तिथं येऊन ठेपतात. त्यात दुपारचं जेवण पोटात पडलं की आतडं आधीचा माल पुढे ढकलतं, हा शरीराचा नेहमीचाच क्रम आहे. म्हणजे गुन्हा सकाळचा, पकडलं जातं दुपारचं जेवण. वही ठेवल्याशिवाय हे कधीच लक्षात येत नाही, आणि लोक वर्षानुवर्षं बिचारं वांगं सोडून बसतात.

वेळेवरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो. जेवताना किंवा उठल्या उठल्या फुगलं आणि ढेकरा येताहेत, तर संशय गिळलेल्या हवेवर, सोड्यावर किंवा खूप तेलकट जेवणावर. अर्ध्या तासापासून दोन तासांत फुगून पोटात गुडगुड आणि पातळ शौच, तर दूध. तीन-चार तासांनंतर, बेंबीच्या खाली, वारा सरल्यावर आराम, तर डाळी, हरभरा, कांदा, गहू यांपैकी कोणीतरी. आणि सकाळी पोट सपाट, दिवस चढेल तसं फुगत जाऊन रात्री सगळ्यात वाईट, शौच रोज साफ नाही, तर कोठा.

वहीच्या दोन आठवड्यांत खाण्यात काहीही बदल करू नका. मोह होतो, पण थांबा.

पायरी दुसरी : हवा गिळणं

ही सगळ्यात स्वस्त पायरी. जेवण दहा मिनिटांत आटपणं, फोनवर बोलत जेवणं, स्ट्रॉनं पिणं, दिवसभर च्युइंग गम, हे सगळं हवा आत ढकलतं. सोडा आणि कोल्ड्रिंक तर बाटलीतला वायूच पोटात ओततात. जड जेवणावर लिंबू सोडा मारून मोठी ढेकर आली की पचलं असं वाटतं, पण ती ढेकर सोड्याचीच असते.

खर्ऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण नागपुरात तो चहाइतकाच सहज पुढे येतो. गालात ठेवून तासन्‌तास चघळणं आणि लाळ गिळत राहणं यातून हवा जातेच. पण खरं सांगायचं तर खर्रा सोडायला पोटफुगी हे फार किरकोळ कारण आहे. सुपारी आणि तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो. तोंड उघडायला त्रास होऊ लागला असेल तर पोटाच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

एक आठवडा फक्त एवढंच करा. जेवायला वीस मिनिटं, फोन उलटा ठेवलेला, सोडा आणि गम बंद. फरक पडला तर ठीक, नाही तर पुढे.

पायरी तिसरी : कोठा साफ आहे का?

वाट तुंबली की मागचं सगळं अडतं. मोठ्या आतड्यात मल जास्त वेळ पडून राहिला की जिवाणूंना आंबवायला जास्त वेळ मिळतो, आणि झालेला वायू पुढे सरकायला जागा नसते. रोज शौचाला जातो म्हणजे बद्धकोष्ठ नाही, असं नाही. कुंथावं लागणं, खडे पडणं, अर्धवट वाटणं, हेही तेच.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे हटकून वाढतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की शरीर घामावाटे पाणी घालवतं आणि आतडं मलातलं पाणी ओढून घेतं. कूलरसमोर बसलेल्याला तहान तेवढी जाणवत नाही, त्यामुळे पाणी कमीच पडतं. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी आहे, यापेक्षा सोपी खूण नाही. मठ्ठा, पन्हं, लिंबूपाणी चांगलंच, पण साधं पाणी त्यात मोजून घ्या. आणि पन्ह्यात साखर घालताना हात आखडता ठेवा.

होस्टेलवर राहणाऱ्यांचा आणखी एक प्रश्न असतो. सकाळी संडासापुढे रांग, आठचा तास, म्हणून येणारी कळ दाबली जाते. दाबलेली कळ परत येईलच असं नाही. चहा-नाश्त्यानंतरचा अर्धा तास हा आतडं आपणहून हलण्याचा वेळ असतो, तो राखून ठेवा, त्यासाठी अर्धा तास लवकर उठावं लागलं तरी. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते. भारतीय संडासाला ही अडचणच नाही.

इसबगोल चालतं आणि इतर तंतूंच्या (फायबरच्या) मानानं वायूही कमी तयार करतं. रात्री एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात, भिजत न ठेवता लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. आठवड्यानं दोन चमचे. पाणी कमी घेतलं तर तेच अडून बसतं. गव्हाचा कोंडा मात्र टाळा. "फायबर चांगलं" म्हणून कोंडा सुरू करून पोट अजून फुगवून घेतलेले लोक कमी नाहीत.

पायरी चौथी : ताट

आता खरा मुद्दा. वैदर्भी जेवणाचा कणा हरभरा आहे. नव्या माणसाला तो दिसत नाही, कारण तो रूप बदलून येतो. तर्रीत अख्खा हरभरा. वर पडणारी शेव बेसनाची. आलुबोंड्याचं कवच बेसनाचं. पाटवडी, झुणका, कढीगोळे, गोळाभात, सांबारवडी, सगळीकडे हरभऱ्याची डाळ किंवा तिचं पीठ. वडाभातात मिश्र डाळींचे वडे. डाळकांदा म्हणजे तर नावातच दोन्ही आरोपी. सकाळी तर्री पोहे, चारला आलुबोंडा तर्रीत बुडवून, रात्री झुणका-भाकर असा दिवस गेला, तर त्या माणसानं तीन वेळा हरभरा खाल्ला आणि "आज तर साधंच खाल्लं" म्हणून तो झोपायला जातो.

हरभरा काय करतो? त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला लागणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कोणाच्याच नसतं. त्या जशाच्या तशा पुढे जातात आणि जिवाणूंची मेजवानी होते. कांद्या-लसणात आणि गव्हात फ्रुक्टन नावाचा असाच न पचणारा घटक आहे. म्हणून "मला गहू सोसत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा वैरी ग्लुटेन नसून हा फ्रुक्टन असतो.

या दोन्ही गोष्टी पाण्यात विरघळतात, तेलात नाही. स्वयंपाकघरात याचा फार उपयोग आहे. हरभरे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, शिजवायला नवीन पाणी घ्या. शिजल्यावर तेही पाणी बरंचसं ओतून द्या. त्यात चव जाते, मान्य, पण साखराही जातात. मोड आणले तर आणखी कमी होतात. लसणाशिवाय फोडणी घशाखाली उतरत नसेल तर गरम तेलात अख्ख्या पाकळ्या लालसर करा आणि पाकळ्या काढून टाका. वास तेलात राहतो, फ्रुक्टन पाकळीत. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा हिरवा भाग घ्या. ठेल्यावर मात्र यातलं काही शक्य नाही, आणि चणे बाजूला सारून नुसता रस्सा ओरपला तर सुटका नाही. साखर रश्श्यात उतरलेली असते. या हिशेबानं तर्रीवरचा लाल तवंग निर्दोष ठरतो! पण तेलाचा दोष वेगळा. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश उतरतात, म्हणून सावजीच्या जेवणानंतर चार-चार तास पोट जड वाटतं. आतडं हळवं असलेल्यांना तिखट वेगळं लागतं.

मग खायचं काय? तीन आठवडे हरभरा, बेसन आणि कच्चा कांदा बंद, बाकी सगळं चालू. फक्त एवढंच. पोहे खा, पण लिंबू पिळून, सांबार (म्हणजे कोथिंबीर) पेरून, थोडे शेंगदाणे घालून. ठेलेवाल्याला "तर्री नको" सांगायला हिंमत लागते, तो बघतो आपल्याकडे. वरण तुरीऐवजी मुगाच्या डाळीचं, आणि वाटीभरच. ज्वारीची भाकरी, भात, लौकी (दुधी), वांगं, पालक, गाजर, काकडी, टमाटर हे सहसा त्रास देत नाहीत. फुलकोबी आणि पत्ताकोबी काहींना देतात. मेसवाल्याला वेगळं करायला सांगता येत नाही, तेव्हा भात वाढवा, पातळ भाजीचा रस्सा कमी घ्या आणि कोशिंबिरीतला कांदा काढून ठेवा.

फळांचं थोडक्यात. संत्रं बहुतेकांना सोसतं, एका वेळी एक-दोन, फोडी करून खाल्लेलं. तीच पाच संत्री पिळून ग्लासात आली तर गोष्ट वेगळी. आंबा, सफरचंद, टरबूज यांत अशा साखरा आहेत की ज्या काहींना पचत नाहीत. मेच्या दुपारी अर्धं टरबूज संपवून संध्याकाळी पोट धरणाऱ्यानं दुसरा आरोपी शोधत बसू नये. शुगरफ्री गोळ्या आणि गममधलं सॉर्बिटॉल हेही त्यातलंच.

दुधासाठी वेगळी परीक्षा आहे. मोठ्या वयात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होणं आपल्याकडे सर्रास आढळतं, त्यात आजार वगैरे काही नाही. अशांनाही एका वेळी साधारण कपभर दूध, म्हणजे त्यातली १२ ग्रॅमच्या आसपासची साखर, बहुधा सोसते. चहातल्या दुधाला घाबरायचं कारण नाही. दही आणि मठ्ठा जास्त चालतात, कारण विरजणातले जिवाणू मदत करतात. तुपात ती साखर जवळपास नसतेच. खव्याची मिठाई मात्र दूध आटवून केलेली, तिच्यात ती दाटून येते. शंका असेल तर एक आठवडा दूध आणि खवा बंद करून बघा. पण हरभऱ्याच्या प्रयोगाच्या आठवड्यांत नको.

ज्यांना यानंही फरक पडत नाही त्यांच्यासाठी फॉडमॅप नावाचा आहार आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास तो मांडला. वर आलेल्या सगळ्या साखरा दोन ते सहा आठवडे एकदम कमी करायच्या आणि मग एकेक परत आणायची, असं त्याचं स्वरूप. तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. मोबाइलवर यादी वाचून सुरू केला तर शाकाहारी माणसाच्या ताटात भात आणि काकडीच उरते.

पायरी पाचवी : परत आणणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. बरं वाटलं की हरभरा कायमचा शत्रू ठरतो. असं करू नका. प्रथिनं आणि तंतू दोन्ही त्यातूनच मिळतात, आणि आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं पोटही त्यावरच भरतं. तीन आठवड्यांनी पहिल्या दिवशी दोन चमचे भिजवून शिजवलेले हरभरे खा. मग एक दिवस सोडून अर्धी वाटी. मग एक दिवस सोडून पूर्ण वाटी. कुठल्या टप्प्यावर पोट बोलतं ते वहीत येईल, तीच तुमची मर्यादा. बहुतेकांची मर्यादा शून्य नसते. मग कांद्याची तीच परीक्षा. अर्धी प्लेट तर्री पोहे आठवड्यातून दोनदा चालतात आणि पूर्ण प्लेट रोज चालत नाही, एवढं कळलं तरी प्रयोग वसूल झाला.

पोट आत्ता फुगलंय, आत्ता काय करू?

चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालण्यानं वायू पुढे सरकतो, ओव्यापेक्षा खात्रीनं. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जायला जमत नसेल तर गच्चीवर. लगेच आडवं होऊ नका; वामकुक्षी घ्यायचीच तर तासाभरानं, डाव्या कुशीवर. पवनमुक्तासन रिकाम्या पोटी किंवा जेवून दोन-तीन तास झाल्यावर.

श्वासाचा व्यायाम असा : उताणे पडा किंवा मागे रेलून बसा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं चार मोजत श्वास घ्या, पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा नाही. सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. ज्यांचं पोट जेवल्याबरोबर पुढे येतं त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, पण रोज करावा लागतो.

ओवा, हिंग, बडीशेप : घ्या, नुकसान नाही, बऱ्याच जणांना बरं वाटतं. इनो जळजळ असेल तर कधीतरी ठीक. त्यात सोडियम बरंच असतं, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी रोजची सवय लावू नये. सिमेथिकोनची गोळी बुडबुडे फोडते, पण त्यानं मूळ कारण जात नाही. आतड्यात जाऊन विरघळणारी पुदिन्याच्या तेलाची कॅप्सूल मुरडा आणि फुगी दोन्हीवर चांगली चालते, मात्र ॲसिडिटी असलेल्यांची जळजळ तिनं वाढू शकते. पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या पोटफुगीसाठी नाहीतच. औषधाच्या दुकानातून महिनोन्‌महिने आणून खाणाऱ्यांनी एकदा डॉक्टरांना विचारावं की ही चालू का आहे.

आधी घरातला औषधांचा डबा बघा

काही औषधंच वायू करतात, आणि हे सांगायचं राहून जातं. मधुमेहाच्या व्होग्लिबोज आणि अकार्बोज या गोळ्यांचं कामच मुळी पिठूळ पदार्थांचं पचन लांबवण्याचं, त्यामुळे न पचलेलं पुढे जाऊन आंबतं. मेटफॉर्मिननं काहींना फुगी आणि जुलाब होतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या कोठा बांधतात. बद्धकोष्ठावरचं लॅक्टुलोजचं गोड औषध स्वतःच वायू करतं, हा तर विनोदच. यातलं काहीही आपल्या मनानं बंद करायचं नाही. मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं, ते लिहून देणाऱ्यानंच बदलायचं.

डॉक्टरांकडे जाताना

सहा-आठ आठवडे हे सगळं करून फरक नसेल तर जा. आधी ओळखीचे फॅमिली डॉक्टर. गरज पडली तर पोटविकारतज्ज्ञ. सरकारीत दाखवायचं तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) शहरातच आहेत, मिहानकडे राहणाऱ्यांना एम्स जवळ. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत पोटविकारांचा वेगळा विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोचा आणि वही सोबत न्या. गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी पाच मिनिटं मिळतात, त्यात "गॅस होतो" यापेक्षा "हरभरा बंद केला तरी फरक नाही, दूध बंद केल्यावर निम्मा कमी झाला, शौच आठवड्यातून तीनदा" हे फार कामाचं.

पहिल्या तपासण्या साध्या असतात. हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी, साखर, थायरॉइड, शौचाची तपासणी, गरज वाटली तर सोनोग्राफी. थायरॉइड मंद असेल तर आतडंही मंद होतं. पाण्यातून आलेला जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी महिनोन्‌महिने पोट फुगवत ठेवू शकतो. पावसाळ्यात नव्या खोलीत राहायला येऊन त्रास सुरू झाला असेल तर हे आवर्जून सांगा. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते. ती होईपर्यंत गहू सोडू नका. पोळी बंद करून महिना झाल्यावर तपासणी केली तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि मग परत काही आठवडे पोळ्या खाऊन पुन्हा रक्त द्यावं लागतं.